फ्लेक्सच्या कामाला ३२ जीबी रॅम: चवथीची गर्दी काढल्यानंतरचा अनुभव

गोव्यात डिचोलीत माझं फ्लेक्स डिझाइनचं काम आहे, जत्रेची नाटकं, वाढदिवस, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) शुभेच्छा वगैरे. मशीन रायझन ५ ५६००जी, बी४५० मदरबोर्ड, वेगळं ग्राफिक कार्ड नाही आणि रॅम ८ जीबीची एकच स्टिक. उन्हाळ्यात ती काढून कॉर्सेअर व्हेंजन्स एलपीएक्सचं १६-१६ चं किट घातलं, डीडीआर४ ३२०० सीएल१६ (डीडीआर४ हा रॅमचा प्रकार, ३२०० स्पीड, आणि सीएल म्हणजे डेटा द्यायला रॅम किती क्लॉक थांबते तो आकडा).

आता ३२ कशाला, तर हिशोब बघा. २० बाय १० फुटांचा बॅनर १०० डीपीआयला (इंचाला १०० पिक्सेल) घेतला तर २४००० गुणिले १२००० पिक्सेल, सीएमवायकेत (छपाईचे चार रंग) पिक्सेलमागे ४ बाइट, म्हणजे पूर्ण भरलेला एकच लेअर १.१५ जीबी. मागे देवळाचा फोटो, वर पुढाऱ्यांची तोंडं (ती दर तासाला वाढतात), प्रत्येकाला शॅडो, आणि ८ जीबीतला वाटा विंडोज आणि प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आधीच घेऊन बसलेलं. मग फोटोशॉप सगळं एसएसडीवर टाकत बसायचं. यंदा चवथीच्या आठवड्यात टास्क मॅनेजरमध्ये २२-२३ जीबी भरलेली दिसायची पण अडकलं नाही, फाइल सेव्ह होताना मात्र वेळ लागतोच, तो रॅमने जात नाही.

म्हापशाला दुकानात ३६०० सीएल१८ लाइटवाली घ्या म्हणून मागे लागले होते. डेटा यायला लागणारा उशीर काढायला सीएलला २००० ने गुणा, स्पीडने भागा, दोन्हीकडे १० नॅनोसेकंदच येतात! बँडविड्थ (सेकंदाला जाणारा डेटा) थोडी जास्त मिळते हे खरं, पण ५६००जीला एएमडीचा अधिकृत आकडा ३२०० च आहे, पुढे ओव्हरक्लॉकिंग. शिवाय त्या लाइटवाल्या स्टिक बहुतेक उंच असतात, मोठ्या कूलरखाली अडकू शकतात.

खरा फरक दोन स्टिकचा पडतो. एका चॅनेलला (रॅम ते प्रोसेसर डेटाचा रस्ता, एकच स्टिक असली की एकच चालतो) ३२०० वर सेकंदाला २५.६ जीबी, दोन चॅनेलला ५१.२, आणि आतलं ग्राफिक्स याच रॅमवर चालतं म्हणून झूम-स्क्रोल करताना लगेच कळतं. चार स्लॉटच्या बोर्डवर बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा वापरायचा, तरी मॅन्युअल बघा.

लावल्या लावल्या २१३३ च दिसेल, घाबरू नका, बायोसमध्ये (चालू होतानाची मदरबोर्डची सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे किटवर लिहिलेला स्पीड लावणारा पर्याय, ऑन केलं की ३२०० होतं, व्होल्टेज १.२ चं १.३५ होतं. मी त्यानंतर रात्रभर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ प्लस चालवलं, एरर शून्य. जुलैत एकदा सकाळी डिस्प्लेच आला नाही, इकडची दमट हवा आणि धूळ, स्टिक काढून पिना खोडरबराने पुसून परत बसवल्या आणि चालू, तेव्हापासून काही नाही.

जुनी ८ ची सोबत ठेवली नाही, २६६६ ची होती, मिसळली की सगळ्या तिच्याच स्पीडला येतात. ती भाच्याच्या पीसीत गेली. आणि डीडीआर५ स्वस्त मिळालं तरी या बोर्डला घेऊ नका, पिना दोन्हीला २८८ च आहेत पण खाच वेगळ्या जागी असते, बसणारच नाही. ए४ हँडबिलं आणि लग्नपत्रिकाच करत असाल तर ८-८ चं किट पुरे.