नव्या गाडीची पहिली फ्री सर्व्हिस : करून घ्या, पण बिल वाचून

फ्री सर्व्हिसला गाडी दिली की ऑइलही बदलून मिळतं, ही समजूत आधी सोडा. पहिली सर्व्हिस मारुतीत १,००० किमी किंवा १ महिना, ह्युंदाईत १,५०० किमी किंवा २ महिन्यांनी येते. तिथे होते ती मुख्यतः तपासणी, आणि फुकट म्हणजे फक्त मजुरी.

इंजिनचे नवे भाग एकमेकांशी जुळून बसतात (यालाच रनिंग-इन म्हणतात) ते त्याआधी, रस्त्यावर. नव्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे कारखान्यात मुद्दाम घासून काढलेल्या, बारीक तिरप्या रेघा असतात. ज्वलनाचा दाब पिस्टन रिंगांना (पिस्टनभोवतीच्या कड्यांना) त्या भिंतीवर दाबतो, रेघांचे उंचवटे घासले जातात आणि रिंग घट्ट बसते. त्यामुळे पेट्रोल गाडी साधारण २,००० ते ३,५०० आरपीएममध्ये (इंजिनचे मिनिटाला फेरे), वेग कमीजास्त करत चालवावी. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नका. पाचव्या गिअरमध्ये तीसच्या वेगाने रेटूही नका. नागपूरजवळ शिवमडक्याला समृद्धी महामार्गावर चढून क्रूझ कंट्रोलवर एकाच वेगाने तासन्‌तास जाणं रनिंग-इनसाठी वाईटच. उमरेड किंवा काटोल रोड बरा, मधली गावं आणि ट्रॅक्टर वेग आपोआप बदलायला लावतात. मे महिन्यात उभ्या गाडीत एसी लावून बसायचा मोह होतो. पण आयडलिंगला दाब कमी, रिंगा बसत नाहीत.

आता वर्कशॉप. वर्धा रोड असो की कामठी रोड, कॉम्प्लिमेंटरी धुलाई झकास असते. तेवढ्यावर खूश होऊ नका. ऑइलची पातळी डिपस्टिकवर (मोजायच्या काडीवर) स्वतः पाहा : सपाट जागा, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा, काडी पुसून पुन्हा घाला. या काळात ऑइल थोडं जास्त खर्च होऊ शकतं. काडीवरच्या मॅक्सच्या खुणेवर मात्र भरू देऊ नका; इंजिनचा फिरता दांडा, क्रँकशाफ्ट, ते घुसळतो, फेस होतो, ऑइलचा दाब पडतो. कूलंट, ब्रेक फ्लुइड, ड्रेन बोल्टपाशी (ऑइल काढायच्या बोल्टपाशी) ओल, क्लचचा प्ले (पेडलची मोकळी हालचाल) हे जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या यादीवर, लिहून घ्या. टायरची हवा सकाळी, थंड टायरवर, दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे.

नाकारायचं काय? ‘इंजिन ट्रीटमेंट’ची बाटली. घर्षण कमी करणारं ॲडिटिव्ह आत्ता घातलं तर रिंगा बसायच्या कामातच अडथळा. इंजिन फ्लशला तर हजार किलोमीटरवर काही अर्थच नाही, धुण्यासारखं आत साचलेलं काय असणार? हे दोन्ही ॲडव्हायझर अगदी आपुलकीने सुचवतो. जॉब कार्डवर सही करण्याआधीच ‘विचारल्याशिवाय काही घालू नका’ असं लिहायला लावा. बिल झाल्यावर वाद घालून बाटली परत येत नाही.