एचएक्स७११ आणि १०० ग्रॅमचा लोड सेल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

काही मिलीन्यूटनपासून एक न्यूटनपर्यंतचं बल मोजायला १०० ग्रॅमचा ॲल्युमिनियम दांडीचा लोड सेल (बलाचा विद्युत सिग्नल करणारा सेन्सर) आणि एचएक्स७११ (तो सिग्नल वाढवून आकड्यात बदलणारी चिप) असलेला हिरवा बोर्ड, ही जोडी आठ महिने रोज वापरात आहे. कमी खर्चात याहून चांगलं काही करणं अवघड आहे. मात्र खरं काम ॲम्प्लिफायरवर नाही, तापमानावर आणि बसवणीवर करावं लागतं.

आधी हिशेब. बोर्डवरून ब्रिजला, म्हणजे दांडीवर चिकटवलेल्या गेजच्या (ताणानुसार रोध बदलणाऱ्या पत्रीच्या) जोडणीला, साधारण ४.३ व्होल्ट मिळतात. सेलची संवेदनशीलता १ मिलीव्होल्ट प्रति व्होल्ट धरली तर १०० ग्रॅमला ४.३ मिलीव्होल्ट, म्हणजे एका मिलिग्रॅमला ४३ नॅनोव्होल्ट. गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) १२८ आणि सेकंदाला १० नमुने असताना चिपचा स्वतःचा नॉइज, म्हणजे सिग्नल नसतानाची थरथर, सुमारे ५० नॅनोव्होल्ट आरएमएस (एक प्रकारची सरासरी) आहे. थोडक्यात मर्यादा एक-सव्वा मिलिग्रॅमची, साधारण १२ मायक्रोन्यूटन. '२४ बिट' वाचून याहून बारीक अपेक्षा ठेवू नका, खालचे बरेच बिट नॉइजमध्येच जातात.

काही हिरव्या बोर्डांवर ई-मायनस (ब्रिजच्या पुरवठ्याचं ऋण टोक) ग्राउंडला जोडलेलंच नसतं. मग आकडे वाट्टेल तसे फिरतात आणि दोष सेलवर येतो. मल्टिमीटरने सलगता तपासा. नसेल तर दोन्हींमध्ये छोटी तार सोल्डर करा. सेकंदाला ८० नमुने हवे असतील तर चिपची १५वी पिन पॅडवरून उचलून डिजिटल पुरवठ्याला जोडावी लागते; नॉइज जवळपास दुप्पट होतो.

मधूनच एखादा आकडा भलताच येत असेल तर कोड बघा. क्लॉकची पिन ६० मायक्रोसेकंदांहून जास्त हाय राहिली की चिप झोपते. आकडा वाचायला क्लॉकवर २५ पल्स देताना इंटरप्ट (चालू कोड मध्येच थांबवणारी कामं) बंद ठेवा, वायफाय असलेल्या बोर्डवर तर नक्कीच. जागी झाल्यावर १०च्या गतीला आकडा स्थिरावायला ४०० मिलीसेकंद लागतात. तोवरचे नमुने टाकून द्या.

आता ड्रिफ्ट, म्हणजे भार तोच असताना आकडा सरकणं. चिप पुरवठ्याचंच व्होल्टेज संदर्भ म्हणून वापरते, त्यामुळे ते थोडं हललं तरी गुणोत्तर टिकतं. उष्णतेचं तसं नाही. गेजची पत्री बहुधा कॉन्स्टंटन या मिश्रधातूची असते आणि तांब्याशी तिचा सांधा म्हणजे थर्मोकपलच: दर अंशाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट. एका गेजच्या दोन टोकांत ०.०१ अंशाचा फरक पडला तर ०.४ मायक्रोव्होल्ट तयार होतात. त्यातले निम्मे आउटपुटवर दिसतात, म्हणजे जवळजवळ ५ मिलिग्रॅम! म्हणून बोटाचा स्पर्श, पंख्याचा झोत, शेजारचा गरम रेग्युलेटर, सगळं आकड्यात उतरतं. सेलवर झाकण हवंच. चालू केल्यावर अर्धा तास थांबा, मग शून्य घ्या. शक्य असेल तर ३५०ऐवजी १००० ओहमचा ब्रिज निवडा; ४.३ व्होल्टवर तो ५३ मिलिवॉटऐवजी १८च खातो आणि कमी तापतो.

बसवताना स्थिर टोकाखाली स्पेसर द्या आणि फक्त त्याच टोकाचे स्क्रू ठोस पायावर आवळा. मोकळ्या टोकाखाली वर-खाली होणारा एक स्क्रू ठेवा, जास्त भार आला की दांडी त्यावर टेकेल. १०० ग्रॅमचा सेल हाताच्या धक्क्यानेही कायमचा वाकतो, आणि मग शून्य परत येत नाही. मोकळ्या बाजूवरून कोणतीही वायर नेऊ नका. तिचा ताठपणाही बल म्हणून मोजला जातो. सिग्नलच्या दोन तारा एकमेकींना पीळ द्या, पुरवठ्याच्या दोन तारांना वेगळा पीळ द्या.

कॅलिब्रेशन ०, २०, ५० आणि १०० ग्रॅमवर करा, चढत्या आणि उतरत्या क्रमाने. भार तसाच ठेवला की आकडा काही मिनिटं हळूहळू सरकतो; तो क्रीप आहे, त्यामुळे दरवेळी ठेवल्यानंतर ठराविक सेकंदांनीच नोंद घ्या. न्यूटनमध्ये बदलताना स्थानिक गुरुत्व वापरा, कारण ते विषुववृत्ताजवळ ९.७८ आणि ध्रुवांजवळ ९.८३ असतं.

कंपनं किंवा आघात मोजायचे असतील तर हा बोर्ड घेऊ नका. तिथे आयएनए१२५ हा ॲम्प्लिफायर बरा: गेन म्हणजे ४ अधिक ६० किलोओहम भागिले बाहेरचा रेझिस्टर, म्हणून १२० ओहमला ५०४. पण पुढे १० बिटांचा, ५ व्होल्टचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) असेल तर एक पायरी जवळपास पाव ग्रॅमची होते, तेव्हा एडीसीही किमान १६ बिटांचा घ्या.