टोमॅटोऐवजी काय घालावं: चिंच, आमसूल, दही, कैरी की लिंबू?

टोमॅटोची अ‍ॅलर्जी आहे असं कळलं की घरात पहिला प्रश्न येतो, "मग त्याऐवजी काय?" माझ्या लेकीमुळे आमच्याकडे टोमॅटो येत नाही, त्यामुळे नात्यातल्या, शेजारच्या बायका मला हे हमखास विचारतात. एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण टोमॅटो भाजीत चार कामं करतो. आंबटपणा देतो, रस्सा दाट करतो, लाल रंग आणतो आणि एक गोडसर, भरीव चव देतो. ही चारही कामं एकट्याने करेल असं दुसरं काही नाही. त्यामुळे आधी त्या पदार्थात टोमॅटो कशासाठी पडत होता ते बघायचं, मग बदली निवडायची. आपल्या रोजच्या आमटी-भाजीत तो बहुतेक वेळा फक्त आंबटपणासाठी असतो, आणि त्यासाठी आपल्याकडे पर्याय भरपूर आहेत. टोमॅटो रोजच्या स्वयंपाकात रुळण्याआधी महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही याच आंबटावर जेवत होते.

पर्याय निवडण्याआधी डॉक्टरांकडून दोन गोष्टी स्पष्ट करून घ्या. एक, शिजवलेला टोमॅटो चालतो का? परागकणांच्या अ‍ॅलर्जीमुळे ज्यांचं तोंड खाजतं त्यांच्यापैकी काहींना शिजवलेला सोसतो. पण टोमॅटोमधली काही प्रथिनं उकळल्यावरही टिकतात, आणि त्यांची अ‍ॅलर्जी असेल तर सूप, सॉस, केचप सगळंच बंद. हे घरी थोडं खाऊन बघण्याचं काम नाही. दोन, बटाटा, वांगं, सिमला मिरची आणि तिखट मिरची टोमॅटोच्याच कुळातल्या आहेत. म्हणून त्या आपोआप बंद करायची गरज नसते, पण विचारून घ्यावं, कारण पुढे लाल सिमला मिरचीचा विषय येणार आहे. आणि ज्यांना अ‍ॅलर्जी नसून पित्ताचा, घशाशी येण्याचा त्रास आहे, त्यांनी टोमॅटो काढून तिथे चिंच घातली तर हाती काहीच लागत नाही. त्यांच्यासाठी आंबटच कमी करायला हवं.

आंबटपणासाठी

चिंच आणि आमसूल यांतच खरी निवड असते. बाकीचे त्यांच्या मागून.

चिंचेला स्वतःचा गर असतो, म्हणून ती आंबटपणाबरोबर थोडा दाटपणाही देते. टोमॅटोच्या सगळ्यात जवळ जाते ती चिंच आणि सोबत गूळ. चार जणांच्या आमटीला सुपारीएवढी चिंच कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून कोळ काढला की पुरते. दोन मध्यम टोमॅटोंच्या जागी मी एक मोठा चमचा दाट कोळ आणि गुळाचा लहान खडा धरते. कच्चा वास जाईपर्यंत कोळ उकळावा लागतो, आणि तो उकळी सहज सोसतो. सांबार, आमटी, भरली वांगी, अळूचं फतफतं, गोडा मसाला पडतो तिथे सगळीकडे चिंचच. तिचा दोष रंगात आहे. जुनी, काळपट चिंच घातली तर रस्सा मातकट दिसतो, म्हणून लालसर भाज्यांना नवी चिंच घ्यावी.

आमसुलाचा आंबटपणा हलका आणि स्वच्छ असतो, मागे चव रेंगाळत नाही. मुगाची आमटी, वालाचं बिरडं, माशाची कढी यांत चिंचेपेक्षा ते उजवं. चार-पाच आमसुलं शेवटी घालून एक-दोन उकळ्या काढल्या की पुरे. फार उकळलं तर तुरटपणा उतरतो आणि वरण काळवंडतं. आमसुलं मीठ लावून वाळवलेली असतात, म्हणून आमटीतलं मीठ आमसूल पडल्यावरच चाखून घाला. दाटपणा मात्र ते अजिबात देत नाही. पंजाबी पद्धतीच्या दाट ग्रेव्हीत आमसूल हरवून जातं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. कोकणातून कोणी येणार असेल तर वर्षाची मागवून ठेवा. चांगलं आमसूल बोटांना मऊ लागतं, कडकडीत झालेलं जुनं समजावं.

दही पूर्ण वेगळ्या वळणाचं. कोर्मा, दम आलू, चिकनचा मसाला यांना ते टोमॅटोपेक्षा सुंदर चव आणतं, पण रस्सा फिका होतो. फेटलेल्या दह्यात चमचाभर बेसन मिसळून मंद आचेवर ढवळत घातलं तर फाटत नाही. पण दुधाचीही अ‍ॅलर्जी असेल तर हा पर्याय बाद, आणि लहान मुलांत अशी जोडी असू शकते.

कैरी हंगामात अप्रतिम. किसून घातली की शिजून विरघळते आणि अंगही देते. हंगाम सरला की आमचूर. छोले, भेंडी, बटाट्याच्या सुक्या भाजीला आमचूर चिंचेपेक्षा बरं, कारण पाणी वाढत नाही. लिंबू फक्त गॅस बंद केल्यावर: पोहे, उपमा, कोशिंबीर, वरणभात. उकळलं की कडू होतं, त्यामुळे रस्सा लिंबावर अवलंबून ठेवू नका. अंबाडी आणि चुका मिळतात त्या दिवसांत डाळीला आणखी काही लागत नाही.

यातलं काहीही निवडलं तरी आंबट आधी घातलं की कडधान्य शिजत नाही. राजमा, छोले, तूरडाळ पूर्ण मऊ झाल्यावरच कोळ किंवा आमचूर घाला. टोमॅटो फोडणीत आधी परतायची सवय असते, म्हणून इथे हात चुकतो.

रंग आणि दाटपणासाठी

दाटपणासाठी माझं मत ठाम आहे: लाल भोपळा. वाफवून मिक्सरमधून काढलेला भोपळा रस्स्याला तोच मऊ, किंचित गोड दाटपणा देतो, आणि मसाल्यापुढे त्याची स्वतःची चव दबते. गाजरही चालतं, पण ते जास्त गोड आणि किंचित रवाळ. काजूची पेस्ट ग्रेव्ही जड करते, शिवाय सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी असलेल्या घरात चालत नाही. कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण ज्यांच्या घरी रोज होतं त्यांना दाटपणाची चिंताच नाही. कांदा घाई न करता गडद बदामी होईपर्यंत भाजला, सुकं खोबरं खमंग भाजलं, की टोमॅटोची ती भरीव चवसुद्धा बरीचशी भरून निघते.

रंगासाठी बीट, काश्मिरी किंवा ब्याडगी मिरची, आणि चालत असेल तर लाल सिमला मिरची. बीट फार जपून. चार माणसांच्या भाजीला शिजवलेल्या बीटाच्या दोन चकत्या पुरतात. वर गेलं की भाजी गुलाबी दिसते आणि मातीचा वास लागतो. बीटाबरोबर चिंचेचा कोळ घातला तर लाल रंग जास्त टिकतो. गॅसवर भाजून साल काढलेली लाल सिमला मिरची चवीला या सगळ्यांत सरस, पण ती त्याच कुळातली. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नको.

आता अवघड पदार्थ. पावभाजी टोमॅटोशिवाय उत्तम होते. बटाटा, फ्लॉवर, मटार यांच्यासोबत पाव किलो भोपळा, बीटाच्या दोन चकत्या, काश्मिरी मिरचीची पेस्ट लोण्यात परतून, आणि शेवटी लिंबू. पावभाजी मसाल्यात बहुतेक वेळा आमचूर असतंच, म्हणून वेगळी चिंच घालू नका. राजमा-छोल्यांना कांदा, आलं-लसूण आणि आमचूर पुरे. पिझ्झ्याला भोपळा-बीट-लसणाचा सॉस शोभतो. पनीर बटर मसाला मात्र होत नाही. त्यात टोमॅटो हाच पदार्थ आहे, बाकी सगळं त्याला साथ देतं. भोपळा घालून केलेली नक्कल मुलांना लगेच कळते आणि तीही हिरमुसतात. त्यापेक्षा काजू-मगजाची पांढरी ग्रेव्ही करावी, ती मुळातच टोमॅटोची नाही. केचपच्या जागी चिंच-खजुराची चटणी ठेवा. वडा, सँडविच, धिरडं सगळ्यांशी जमते आणि फ्रिजमध्ये टिकते.

पाकीट आणि हॉटेल

आपल्याकडे पाकिटावर अ‍ॅलर्जीची सूचना शेंगदाणे, दूध, अंडी, सोया, गहू, मासे अशा ठरावीक पदार्थांसाठी सक्तीची आहे. टोमॅटो त्या यादीत नाही. म्हणून ठळक अक्षरातली ओळ वाचून थांबू नका, घटकांची बारीक यादी पूर्ण वाचा. चिप्स, मसाला शेंगा, नूडल्सची पुडी, तयार सूप, रसम मसाला, शेझवान चटणी यांत टोमॅटो पावडर असू शकते. हातगाडीवरच्या लाल सॉसमध्ये भोपळाच असतो अशा ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका.

बाहेर खाताना जिथे टोमॅटोची ग्रेव्ही मोठ्या पातेल्यात आधीच तयार असते, तिथे "टोमॅटो घालू नका" सांगून उपयोग नाही. मिसळीचा कट, पावभाजीचा तवा, बहुतेक हॉटेलांतलं सांबार या सगळ्यांत तो आधीच पडलेला असतो. भेळ वेगळी बांधून देतात, पण सुरी आणि फळी तीच असते. पिठलं-भाकरी, पांढरा रस्सा, सोलकढी, तळलेले मासे, दहीभात, साजूक तुपातला वरणभात हे मागवायला बरे, तरीही दरवेळी विचारूनच.

सगळ्या घरालाच बंद की वेगळी कढई?

फक्त तोंडाला खाज येत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर वेगळी भाजी काढून चालतं. बाकीच्यांनी ताटात कोशिंबिरीतला टोमॅटो खाल्ला म्हणून बिघडत नाही. पण अंगावर गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, धाप लागणं असा इतिहास असेल तर मी सरळ घरातूनच काढायला सांगेन. स्टीलची कढई घासून स्वच्छ होते. मिक्सरच्या झाकणातली रबरी रिंग, लाकडी चमचा आणि भाजी चिरायची लाकडी फळी यांच्या खाचांत गर राहतो, आणि घाईच्या सकाळी कोणती फळी कोणाची हे कोणाला आठवत नाही. वेगळी ठेवायचीच असतील तर मिक्सरचं एक भांडं, एक फळी आणि एक चमचा वेगळ्या रंगाचे घ्या. पाहुणे, कामाला येणाऱ्या मावशी, आजी यांना एकदाच नीट सांगा की थोडासाही चालत नाही. डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लिहून दिलं असेल तर ते कुठे ठेवलंय आणि कसं द्यायचं हेही त्यांना दाखवून ठेवा, आणि शाळेच्या डब्याबरोबर वर्गशिक्षिकेलाही लेखी कळवा.