क्यूएमूवर एसटीएम३२: गाभा पक्का, भोवताल अपुरा

क्यूएमू (एका प्रोसेसरवर दुसऱ्याची नक्कल चालवणारं सॉफ्टवेअर) म्हटलं की बहुतेकांना लिनक्सचं आभासी मशीन आठवतं. फाब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या या मुक्त-स्रोत प्रकल्पात मायक्रोकंट्रोलरचे (एका चिपवरच्या छोट्या संगणकांचे) बोर्डही आहेत: मायक्रोबिट, आर्डुइनो उनो, जुना स्टेलारिस, आर्मचे एमपीएस२ आणि एसटी कंपनीच्या एसटीएम३२ या चिपमालिकेचे पाच. हा आढावा त्यातल्या नेटड्युइनो प्लस २ या मशीनचा. त्यावर एसटीएम३२एफ४०५ आहे: कॉर्टेक्स-एम४, १ एमबी फ्लॅश, १६८ मेगाहर्ट्झ. आवृत्ती ९.० (एप्रिल २०२४) धरली आहे. त्यानंतर थोडी भर पडली आहे, पण आपल्या आवृत्तीत नेमकं काय आहे हे एसओसीची (म्हणजे अख्ख्या चिपच्या मॉडेलची) सोर्स फाइल उघडली की दोन मिनिटांत कळतं. ती फाइल उघडल्याशिवाय या मशीनवर कुठलीही चाचणी बांधू नये, हे अगदी मनापासून सांगणं आहे.

आधी चांगलं. प्रोसेसरचा गाभा उत्तम आहे. थंब-२ सूचना, एनव्हीआयसी (इंटरप्ट नियंत्रक), इंटरप्टची प्राधान्यं, सिसटिक (गाभ्यातला टायमर), एमपीयू (मेमरीचं संरक्षण), फॉल्टची बढती, सगळं चोख चालतं. एफपीयू (दशांश गणिताचा भाग) सुरू न करता फ्लोटची सूचना चालवली तर खऱ्या चिपसारखाच फॉल्ट येतो. व्हेक्टर टेबल (इंटरप्ट हँडलरांच्या पत्त्यांची यादी) चुकीच्या जागी गेलं तर क्यूएमू ‘लॉकअप: कान्ट एस्कलेट’ असा संदेश आणि सगळी रजिस्टरं छापून थांबतो. खरा बोर्ड अशा वेळी नुसता गप्प बसतो, त्यामुळे स्टार्टअप कोड आणि लिंकर स्क्रिप्ट तपासायला क्यूएमू बोर्डापेक्षा सरस आहे. ‘-एस’ हा पर्याय स्मॉल आणि कॅपिटल अशा दोन्ही अक्षरांत दिला की प्रोसेसर पहिल्या सूचनेवर थांबून पोर्ट १२३४ वर जीडीबी या डीबगरची वाट पाहतो. प्रोब नको, केबल नको. फ्रीआरटीओएस किंवा झेफर या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमचं टास्क-शेड्युलिंग, प्रोटोकॉलचं पार्सिंग, स्टेट मशीन या कामांना इतकं पुरतं.

अडचण गाभ्याच्या बाहेर, म्हणजे पेरिफेरलांत (सिरियल पोर्ट, टायमर अशा जोडभागांत) सुरू होते. एफ४०५ मध्ये यूएसएआरटी (सिरियल पोर्ट), एसपीआय, एडीसी (अ‍ॅनालॉग वाचन), एक्स्टी (बाहेरचे इंटरप्ट), सिसकॉन्फिग आणि टायमर २ ते ५ यांची मॉडेल्स आहेत. घड्याळ सांभाळणारं आरसीसी, फ्लॅश कंट्रोलर, जीपीआयओ (साध्या पिना), आय२सी, डीएमए यांच्या जागी फक्त ‘अनइम्प्लिमेंटेड’ नावाचा पुठ्ठा लावलेला आहे. त्या पत्त्यावर लिहिलेलं हवेत जातं आणि वाचलं की शून्य मिळतं. फॉल्ट येत नाही.

हे शून्य समजून घेणं म्हणजे हे मशीन समजून घेणं. फर्मवेअर (चिपवर चालणारा आपला प्रोग्राम) एखादा ‘तयार’ बिट १ होण्याची वाट पाहत असेल तर ते तिथेच अडकतं. ‘कामात आहे’ हा बिट ० होण्याची वाट पाहत असेल तर काम झालं असं समजून पुढे जातं. पहिली चूक निदान दिसते. दुसरी दिसतच नाही.

पहिलीचं नेहमीचं उदाहरण म्हणजे बाहेरचा क्रिस्टल. कोड आरसीसीच्या सीआर रजिस्टरमधला बिट १६ लावतो आणि बिट १७ ची वाट पाहतो. तो कधीच येत नाही. थेट रजिस्टरवर लिहिलेला कोड कायमचा लटकतो. एसटीची हॅल लायब्ररी (हार्डवेअर हाताळणारा तयार कोड) १०० मिलिसेकंदांनी टाइमआउट देऊन एरर हँडलरमधल्या अनंत लूपमध्ये जाते. तो टाइमआउटही लवकर संपतो. हॅल सुरुवातीला घड्याळ १६ मेगाहर्ट्झ धरून सिसटिक लावते, आणि या मशीनमध्ये घड्याळ पहिल्यापासून १६८ वर पक्कं केलेलं आहे, म्हणजे टिक साडेदहा पट वेगाने पडतात.

दुसरीचं उदाहरण फ्लॅशचं. हॅलने कुलूप काढलं, सेक्टर पुसला, शब्द लिहिला, प्रत्येक पायरीला ‘ठीक’ असं उत्तर आलं. फ्लॅशमधला एक बाइटही बदललेला नसतो. कुलपाचा बिट शून्य, व्यस्तपणाचा बिट शून्य, चुकांचे बिट शून्य, म्हणून सगळं हिरवं. बूटलोडर किंवा फ्लॅशमध्ये सेटिंग्ज साठवणाऱ्या कोडची चाचणी या मशीनवर घेणं म्हणजे शुद्ध फसवणूक आहे. शिवाय खरी कोरी फ्लॅश सगळे बिट १ अशी असते, इथली ० असते. त्यामुळे ‘हा सेक्टर रिकामा आहे का’ ही तपासणीही उलटी पडते.

याच जातीच्या आणखी काही गोष्टी. पुल-अपवर लावलेलं बटण कायम दाबलेलं दिसतं, कारण पिन वाचली की शून्य. डीडब्ल्यूटी या डीबग भागातल्या सायकल काउंटरवर बेतलेला मायक्रोसेकंदाचा डिले कधीच संपत नाही, कारण तो काउंटर हलतच नाही. एडीसी दर वाचनाला आधीच्या आकड्यात ७ मिळवून देतो, त्यामुळे सरासरी काढणाऱ्या फिल्टरला सुंदर करवती आलेख मिळतो आणि त्यावरून कुठलाही निष्कर्ष काढता येत नाही. रॅम सुरुवातीला शून्याने भरलेली असते, म्हणून बीएसएस (सुरुवातीला शून्य असायला हव्यात अशा चलांची जागा) पुसायला विसरलेला स्टार्टअप कोड इथे बिनधास्त पास होतो आणि बोर्डावर भलतंच वागतो.

म्हणून पहिल्या दिवसापासून ‘-डी अनइम्प,गेस्ट_एरर्स’ हा पर्याय द्यावा आणि लॉग फाइलमध्ये घ्यावा. कोणत्या पुठ्ठ्याला कितव्या ऑफसेटवर हात लागला याची ओळन् ओळ मिळते. आपल्या फर्मवेअरला कुठलं पेरिफेरल खरोखर लागतं याची यादी त्या लॉगवरूनच करावी. डेटाशीट पहिल्या पानापासून वाचत बसलात तर महिना जाईल.

आता स्वतःची भर घालण्याबद्दल. क्यूएमूची खरी ताकद इथे आहे आणि खरी मेहनतही. सुरुवात आरसीसीपासून करावी, कारण थोडक्यात भागतं. कॉन्फिगर करताना टार्गेट फक्त आर्म-सॉफ्टएमएमयू निवडावं, नाहीतर बिल्ड उगाच लांबतं. नव्या डिव्हाइसची सी फाइल आणि हेडर लिहायचं, मेसनच्या बिल्ड फाइलमध्ये नाव टाकायचं, केकॉन्फिगमध्ये एफ४०५ च्या नोंदीखाली ‘सिलेक्ट’ची ओळ घालायची. ही शेवटची ओळ राहिली तर कंपाइल सुरळीत होतं आणि मशीन सुरू करताना अनोळखी टाइप म्हणून क्यूएमू कोसळतो.

डिव्हाइसचा सांगाडा ठरलेला आहे: सिसबस डिव्हाइसपासून टाइप घ्यायचा, १ केबीचा आयओ मेमरी रीजन, त्याला वाचण्याचं आणि लिहिण्याचं फंक्शन, रीसेट, आणि स्थिती जतन करण्यासाठी व्हीएमस्टेट. एसओसीच्या फाइलमध्ये हेक्स ४००२३८०० या पत्त्यावरचा पुठ्ठा काढून तिथे नवं डिव्हाइस बसवायचं. सीआरची रीसेट किंमत हेक्स ८३ ठेवायची. सीआरवर लिहिलं गेलं की बिट ० वरून १, बिट १६ वरून १७ आणि बिट २४ वरून २५ भरायचा: अंतर्गत ऑसिलेटर, क्रिस्टल आणि पीएलएल तिन्ही लगेच तयार. ऑफसेट ०८ च्या सीएफजीआरमध्ये खालचे दोन निवड-बिट पुढच्या दोन स्थिती-बिटांत उतरवायचे. ऑफसेट हेक्स ७० आणि ७४ वरच्या मंद ऑसिलेटरांचंही तसंच. बाकी रजिस्टरं लिहिलेलं परत देतील इतकी पुरे.

एवढं करून फर्मवेअर चालवलं की ते पुन्हा एरर हँडलरमध्येच सापडतं, आणि इथे अनेकांचा दिवस जातो. कारण आरसीसीत नाही. १६८ मेगाहर्ट्झसाठी हॅल फ्लॅशच्या एसीआर रजिस्टरमध्ये ५ वेट-स्टेट लिहिते आणि लगेच वाचून पडताळते. फ्लॅश कंट्रोलर अजून पुठ्ठाच, त्यामुळे ५ च्या जागी ० येतं. म्हणजे एसीआर लक्षात ठेवणारं छोटं फ्लॅश मॉडेलही त्याच पॅचमध्ये हवं. ते करताना कुलपाचा बिट रीसेटला १ ठेवावा आणि दोन किल्ल्या ओळीने आल्याशिवाय काढू नये. मग कुलपाची पायरी तरी खरी होते; पुसण्या-लिहिण्याचा खोटा ‘ठीक’ मात्र एवढ्याने बंद होत नाही.

इंटरप्ट देणारं पेरिफेरल लिहिणं याहून अवघड, आणि सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. इंटरप्टची तार पातळीवर चालते. स्थितीचा बिट आणि परवानगीचा बिट यांचा ‘आणि’ काढणारं एकच फंक्शन लिहावं आणि रजिस्टर बदललं की दर वेळी तेच बोलवावं. घाईत पल्स देऊन मोकळं झालं की हँडलर एकदाच चालतो, आणि तो सुरू होण्याआधीच आलेला दुसरा बाइट हरवतो. सिरियलवरून येणाऱ्या बाइटसाठी ‘घेऊ शकतो का’ असं विचारणारं फंक्शन द्यावं लागतं. बफर भरल्यावर त्यातून ० परत दिलंत आणि बफर रिकामा झाल्यावर क्यूएमूला ‘आता पाठव’ असं कळवलं नाहीत, तर पहिल्या एक-दोन अक्षरांनंतर इनपुट गोठतं. हा दोष हळू टाइप करताना दिसत नाही, ओळ पेस्ट केली की लगेच दिसतो. तपासणी तशीच करावी.

रजिस्टर किती बाइटांनी वाचता येतं हेही नेमकं सांगावं. ‘व्हॅलिड’मध्ये (परवानगी असलेल्या आकारांत) फक्त ४ बाइट लिहिलं आणि फर्मवेअरने डेटा रजिस्टरवर एकच बाइट टाकला तर फॉल्ट येतो. ‘व्हॅलिड’ १ ते ४ आणि ‘इम्पल’ (आपलं फंक्शन हाताळतं तो आकार) ४ ठेवलं की बहुतेकांचं भागतं. एल४ मालिकेचा एसपीआय याला अपवाद, कारण तिथे ८ बिट लिहिणं आणि १६ बिट लिहिणं यांचा अर्थच वेगळा असतो.

अगदी नवा एसओसी जोडत असाल तर ‘सीपीयूसीएलके मस्ट बी कनेक्टेड’ ही तक्रार हमखास येईल. प्रोसेसरच्या कंटेनरला घड्याळ जोडून त्याला हर्ट्झ द्या, मग तो उठतो. फ्लॅशची एक प्रत शून्य पत्त्यावर अलायस म्हणून लावायलाही विसरू नये, कारण व्हेक्टर टेबल रीसेटला तिथून वाचलं जातं. मॉनिटरमध्ये ‘इन्फो एमट्री’ दिलं की सगळा मेमरी नकाशा समोर येतो आणि कोण कोणावर चढून बसलंय ते दिसतं.

वेळेच्या बाबतीत अपेक्षा कमी ठेवाव्यात. क्यूएमू आर्मच्या सूचनांचे गट एकदम यजमान प्रोसेसरच्या भाषेत उतरवतो. पाइपलाइन, वेट-स्टेट, बसवरची रांग यांपैकी काहीच मोजत नाही. यूएसएआरटीला बॉड रेट काहीही द्या, अक्षर तत्क्षणी बाहेर पडतं. ‘-आयकाउंट’ लावलं की प्रत्येक सूचनेला ठरावीक नॅनोसेकंद दिले जातात आणि तीच चाचणी दर वेळी तशीच धावते. पुनरावृत्तीसाठी ते फार मोलाचं आहे, मोटर कंट्रोलच्या लूपला किती मायक्रोसेकंद लागतात हे मोजण्यासाठी निरुपयोगी. ते मोजायला बोर्ड आणि ऑसिलोस्कोपच हवा.

पर्यायांमध्ये अँटमायक्रोचं रेनोड नक्की पाहावं. तिथे बोर्डाचं वर्णन मजकुराच्या फाइलमध्ये असतं आणि छोटं पेरिफेरल पायथनमध्ये लिहिता येतं, पुन्हा बिल्ड करावं लागत नाही. अनेक पेरिफेरलांचा बोर्ड आठवड्याभरात उभा करायचा असेल तर रेनोडच निवडावं. ईएसपी३२ साठी एस्प्रेसिफचा स्वतःचा क्यूएमू फोर्क आहे, मूळ क्यूएमूत वेळ घालवू नये. आणि क्यूएमूच वापरायचा पण एफ४०५ चं बंधन नाही, तर ९.० मध्येच आलेलं बी-एल४७५ई-आयओटी०१ए हे मशीन घ्यावं: त्यात आरसीसी आणि जीपीआयओ खरोखर लिहिलेले आहेत, यूएसएआरटी पुढच्या आवृत्तीत आलं.

चाचणी रोजच्या बिल्डमध्ये बसवताना एक काळजी. लटकलेलं फर्मवेअर क्यूएमूला कधीच बंद करत नाही, म्हणून बाहेरून ‘टाइमआउट’ कमांडने ३० सेकंदांची मर्यादा घालावी. निकाल सेमीहोस्टिंगने (फर्मवेअरने यजमान संगणकाकडे विनंती पाठवण्याच्या सोयीने) द्यावा: एसवायएस_एक्झिटला हेक्स २००२६ दिलं तर क्यूएमू ० घेऊन बाहेर पडतो, दुसरं काही दिलं तर १ घेऊन. हा कोड चाचणीच्या बिल्डपुरताच ठेवावा, कारण डीबगर न जोडलेल्या खऱ्या बोर्डावर तीच ब्रेकपॉइंट सूचना थेट हार्डफॉल्टमध्ये नेते.