लांग्झा पाऊण तासात उरकू नका

गौरी-गणपती आटोपल्यावर साताऱ्याहून आम्ही सहाजण हिमाचलातल्या स्पितीला जाऊन आलो. टूरवाल्याच्या कागदावर हिक्कीम, कॉमिक आणि लांग्झा अशी तीन गावं एका दुपारीत कोंबलेली. लांग्झाच्या वाट्याला पाऊण तास! बुद्धाच्या मूर्तीपाशी फोटो काढायचा आणि गाडीत बसायचं. जाऊबाई अडूनच बसल्या, म्हणून त्या, हे आणि मी असे तिघं एका रात्रीपुरते गावातल्या घरी राहिलो. स्पितीतलं मोठं गाव काझा, तिथल्या हॉटेलचे त्या रात्रीचे पैसे टूरवाल्याने परत केले नाहीत. बुडाले तर बुडाले.

अडून बसण्याचं कारण आमच्या देवघरात आहे. सासूबाईंच्या माहेरचा शाळिग्राम. रोज त्याला तुळस वाहायची, आतलं चक्र विष्णूचं, एवढंच आम्हाला ठाऊक. संध्याकाळी घरमालकिणीचा मुलगा आम्हाला गावामागच्या उतारावर घेऊन गेला. काळी, भुसभुशीत पाटी फुटावी तसा तिथला दगड, आणि त्यातून निसटलेले गोल गोटे. एक मधोमध उकललेला होता. आत तेच चक्र! जाऊबाई बूट काढायला वाकल्या, थंडी बघून नुसते हात जोडले.

हे अमोनाइट, म्हणजे दगड झालेले समुद्री जीव. दिसायला गोगलगाय, नात्याने माकूळ. साधारण 15 कोटी वर्षांपूर्वी टेथिस नावाच्या, आता नाहीशा झालेल्या समुद्राच्या गाळात रुतले, पुढे भारत आशियाला धडकला आणि समुद्राचा तळच डोंगर झाला. गंडकीतले शाळिग्राम याच समुद्रातले. आपला अजिंक्यताऱ्याचा कातळ यांच्यापुढे पोरसवदा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. अमोनाइट पृथ्वीवरून संपले तेही त्याच सुमारास. हे म्हणाले, "म्हणजे आपण थोडक्यात चुकलो." पण लाव्ह्यात कसला शिंपला सापडतोय!

गावातली पोरं असे गोटे विकायला येतात. घेऊ नका, उचलूही नका. जाऊबाईंच्या पिशवीतून एक मला परत ठेवायला लावावा लागला, त्यावरून दोन तास अबोला.

घर साधं, मातीच्या जाड भिंतींचं. बुखारीभोवती, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीभोवती बसून गरम थुक्पा, शेवयांचं सूप, प्यायलो. चव आपल्या तोंडाला मिळमिळीत, म्हणून सोबत नेलेली शेंगदाण्याची चटणी त्यात घातली. घरमालकिणीने ती दोनदा मागून घेतली. संडास कोरडा, पाण्याऐवजी माती टाकायची. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं. पहाटे चाऊ चाऊ कांग निल्दा, 6,303 मीटरचं शिखर, खिडकीतून गुलाबी झालेलं बघितलं आणि गुडघे विसरले.

गाव साधारण 4,400 मीटरवर आहे. सज्जनगडाच्या पायऱ्या चढते म्हणून मी ऐटीत होते, रात्रभर डोकं ठणकलं. आधी काझात दोन रात्री तरी काढा, आणि जाताना मनालीऐवजी सिमला-किन्नौरकडून जा, म्हणजे उंची बेताबेताने वाढते.

घराला पाचपैकी चार, एक संडासापायी कापला. टूरवाल्याला दीड.

जाऊबाई आता विचारतात, अभिषेकाच्या पाण्यात चिमूटभर मीठ घालू का, मूळचा समुद्रातला आहे बिचारा. सासूबाईंच्या कानावर अजून घातलेलं नाही.