चहा फक्कड, पण कोटेशन नीट वाचा

नाशिकच्या एका शोरूममधून पेट्रोल हॅचबॅक घेतली. सेल्समन गोड बोलणारा. पण ऑन-रोड (टॅक्स, इन्शुरन्स धरून एकूण) किमतीच्या कागदावर खाली बारीक अक्षरांत ‘हँडलिंग चार्जेस ८,५००’. हे कशाचे? तर म्हणे, गोडाऊनमधून गाडी इथं आणायचे! म्हटलं, मग मीच जातो गोडाऊनला. मॅनेजरने मुकाट्याने रक्कम खोडली. इन्शुरन्स त्यांचा ४६ हजार. बाहेर तोच, झिरो डेपसकट (म्हणजे क्लेममध्ये पार्टांचा घसारा कापत नाहीत), ३३ हजारांत मिळाला. त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नसते. आरटीओ टॅक्सवर घासाघीस करू नका, तो सरकारी. कॅश डिस्काउंटवर मात्र पठ्ठ्या तासभर हलेना. बायको ‘चला हो, दुसरीकडे बघू’ म्हणत पर्स उचलून उठली, तेव्हा आणखी १२ हजार सुटले. फुकट म्हणालेली मॅट्स अजून आलेली नाहीत. तीन स्टार.