बाहेरून दहावी: एनआयओएसचा अभ्यासक्रम कुणाला झेपतो, कुठे अडतो

आठवी-नववीत शाळा सुटली आणि आता दहावी करायची आहे, असं कुणी विचारलं की महाराष्ट्रात दोन वाटा सांगितल्या जातात: राज्य मंडळाचा १७ नंबर फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थान, म्हणजेच एनआयओएस. इथे दुसऱ्या वाटेचं परीक्षण आहे. आमचं मत आधीच सांगून टाकतो. गणितामुळे किंवा सगळे विषय एका दमात काढायच्या धसक्याने ज्यांची शाळा सुटली, त्यांच्यासाठी एवढी सोयीची दुसरी व्यवस्था नाही. मात्र मागे लागून अभ्यास करून घेणारं कुणी लागत असेल, तर ही व्यवस्था त्या कामाची नाही.

१९८९ पासून चालणारं हे केंद्र सरकारचं मंडळ आहे. प्रमाणपत्र खरं की खोटं, ही शंका मनातून काढून टाका. वय १४ पूर्ण हवं, वरची मर्यादा नाही. पास होण्यासाठी पाच विषय लागतात. त्यात किमान एक भाषा हवी आणि जास्तीत जास्त दोन चालतात. हवे असल्यास आणखी दोन विषय घेता येतात. एकदा नोंदणी झाली की ती पाच वर्षं टिकते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. यंदा दोन, पुढच्या वेळी दोन, मग उरलेला एक, असं सावकाश करता येतं. घरकाम किंवा मजुरी सांभाळून शिकणाऱ्यांना खरा आधार या सवलतीचाच आहे.

विषय निवडताना मात्र घाई नडते. गणित आणि विज्ञान दोन्ही वगळूनही दहावी होते, हे खरं आहे. मराठी, गृहविज्ञान, सामाजिक विज्ञान, चित्रकला, डेटा एन्ट्री ऑपरेशन्स असा संच घेऊन पुष्कळ जण पार पडतात. पण त्याच गुणपत्रिकेवर पुढे आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा फिटर हवा म्हणाल तर दार बंद, कारण त्या ट्रेडना विज्ञान आणि गणितासह दहावी मागतात. म्हणून आधी पुढचं ठिकाण ठरवावं, मग विषय. उलट बाजूही लक्षात घ्या: वायरमन किंवा वेल्डर व्हायचं असेल तर आयटीआयला आठवी पास पुरते, त्यासाठी दहावीच्या मागे वर्षं घालवायची गरज नाही. हे प्रवेश घेण्याआधी क्वचितच कुणी सांगतं.

राज्य मंडळाची दहावी देऊन नापास झालेल्यांनी तिथे पास झालेल्या विषयांचं क्रेडिट हस्तांतर मागावं. दोन विषयांपर्यंत गुण इकडे आणता येतात. ते प्रवेशाच्या अर्जातच नोंदवायचं असतं.

आता गुणांचं गणित, कारण निकाल बहुतेकदा इथेच फसतो. पासिंग ३३ टक्के. लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हीत वेगवेगळे ३३ टक्के लागतात आणि एकूणातही ३३. शिवाय लेखी भागातले २० टक्के गुण असाइनमेंटला, म्हणजे टीएमएला असतात. प्रात्यक्षिक नसलेल्या १०० गुणांच्या विषयात टीएमए २० आणि पेपर ८०. टीएमएमध्ये पास होण्याची अट नाही, म्हणून पुष्कळ जण ती देतच नाहीत. मग ३३ गुण ८० पैकीच काढावे लागतात. टीएमएमध्ये १२ मिळाले असते, तर पेपरात २७ गुणांवर, म्हणजे ८० च्या किमान ३३ टक्क्यांवर, निभावलं असतं. टीएमएत असतात सहा प्रश्न, त्यातले पहिले तीन दोन-दोन गुणांचे, पुढचे दोन चार-चार गुणांचे आणि शेवटचा सहा गुणांचा प्रकल्प. एका विषयाला एक सुटी बस्स होते. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उतरवू नका, आपल्या शब्दांत छोटं लिहा. मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते, हे विसरू नका.

प्रात्यक्षिकाचा घोटाळा वेगळाच. विज्ञान आणि गृहविज्ञान घेणारे लेखीच्या तयारीत प्रात्यक्षिकाची तारीख चुकवतात. मग लेखीत चांगले गुण पडूनही विषय राहतो.

सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते: एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. प्रवेश झाला म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला गेला, हा सर्रास आढळणारा गैरसमज आहे. परीक्षेची नोंदणी आणि विषयवार शुल्क वेगळं असतं, ते प्रत्येक वेळी स्वतः भरायचं. ठरावीक केंद्रांवर 'ऑन डिमांड' परीक्षाही होते, तिथे विषय आणि तारीख आपण निवडतो. एकच विषय अडकला असेल तर सहा महिने थांबण्यापेक्षा ती बरी.

संपर्क वर्गांवर फार भिस्त ठेवू नये. काही अभ्यासकेंद्रांवर ते नीट होतात, काही ठिकाणी नावापुरते, तेव्हा प्रवेशाआधी वेळापत्रक लेखी मागून बघा. पुस्तकं मात्र एकट्याने वाचायला धरूनच लिहिलेली आहेत. धड्यामध्येच छोटे प्रश्न आणि शेवटी उत्तरं येतात. दहावीला मराठी माध्यम उपलब्ध आहे.

सर्वांत मोठा धोका मंडळाचा नाही, दलालांचा. 'हमखास पास, फक्त पैसे द्या' अशी पाटी दिसली की पुढे चला. ही मंडळी अर्जात स्वतःचा मोबाईल नंबर आणि ईमेल टाकतात. मग ओटीपी त्यांच्याकडे जातो, हॉल तिकीट त्यांच्याकडून मागावं लागतं आणि दर वेळी वेगळे पैसे. अर्ज ऑनलाइनच असतो, स्वतः भरता येतो. जमत नसेल तर सेतू किंवा सायबर कॅफेत बसून भरून घ्या, पण नंबर आपलाच द्या आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा.

१७ नंबर फॉर्म कधी बरा? रेग्युलर दहावीचाच अभ्यासक्रम हवा असेल, जुनी शाळा किंवा जवळचं संपर्क केंद्र मदत करणारं असेल आणि सगळे विषय एकत्र द्यायची तयारी असेल, तेव्हा. विषय बदलायची मोकळीक तिथे फारशी नाही.

प्रवेशाला बसण्याआधी शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार समोरासमोर ठेवून नाव, आडनाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. गुणपत्रिकेवर चूक उमटल्यावर ती दुरुस्त करायला खेटे घालावे लागतात, आणि अकरावीचे प्रवेश त्यासाठी थांबत नाहीत.